ब्रेकवरचा पाय

गाडी चालवायला शिकवणाऱ्या मास्तरांचा उजवा पाय कधी स्वस्थ नसायचा. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. आयुष्य त्या ब्रेकवर गेल्यामुळे तो पाय घरीही कामावरच असे. टीव्हीवरची गाडी जोरात वळली की मास्तर बसल्या जागी फरशी दाबायचे. बायको म्हणायची, "थांबली हो गाडी. आता जेवून घ्या."

मग छातीत धडधडू लागलं. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही निघालं नाही. "काळजी कमी करा," ते म्हणाले. ती कमी कशी करायची, याचीच मास्तरांना नवी काळजी लागली.

त्यात लेकीला शेजारच्या गावात नोकरी मिळाली. ती रोज स्वतः गाडी चालवत जाऊ लागली. तिला मास्तरांनीच शिकवलं होतं, त्यामुळे तिच्या चुका त्यांना तोंडपाठ. वळताना आरसा बघत नाही, उतारावर घाई करते. पोचल्याचा फोन येईपर्यंत त्यांचा जीव टांगणीला लागलेला असे.

त्याच सुमारास शिवणकाम करणाऱ्या एक बाई गाडी शिकायला आल्या. नवरा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेला, त्याला उपचारांना न्यायला घरात दुसरं कोणी नाही. बाईंना एक विचित्र खोड होती. "बरं झालं, ट्रकवाल्याने वाट दिली." "बरं झालं, सिग्नल लाल झाला, जरा दम खाता येईल." ऐकून ऐकून मास्तरांचं डोकं उठायचं.

एकदा चढावर बाईंची गाडी बंद पडली आणि मागे घसरू लागली. मागे बस होती. मास्तरांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण त्यांना दरदरून घाम फुटला.

"बरं झालं, तुमचं लक्ष होतं," बाई म्हणाल्या.

मास्तरांचा तोल गेला. "काय बरं झालं? आत्ता बसवर आदळलो असतो! सगळं गोड गोडच कसं दिसतं हो तुम्हाला?"

बाईंनी स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं होतं. ते न सोडताच म्हणाल्या, "गोड कुठलं, मास्तर? हे आजारी पडले तेव्हा मनात दिवसभर एकच चक्र चालायचं. शिवलेलं मीच पुन्हा उसवत बसायचे. मग ठरवलं, जे नीट झालं ते तोंडाने म्हणायचं. काळजी जात नाही हो. पण सगळं घर तिलाच कशाला द्यायचं?"

"क्लच दाबा," मास्तर एवढंच म्हणाले.

पुढे एका सकाळी लेकीचा फोन आलाच नाही. लावावा तर बंद. मास्तरांनी पुढचा धडा रद्द केला आणि ते आपल्या ड्रायव्हिंग स्कूलसमोरच्या फुटपाथवर येरझाऱ्या घालू लागले. डोळ्यांसमोर नाही नाही ती चित्रं. शेवटी, आजूबाजूला कोणी नाही असं बघून, ते पुटपुटले, "बरं झालं..." पुढे काही सुचेना. "बरं झालं, टायर नवे आहेत." मग, "झोप पुरी करून निघाली." मग, "पट्टा लावायला तिला कधी सांगावं लागत नाही. चालणाऱ्यांना आधी जाऊ देते. चिडून हॉर्न वाजवत नाही." हे सगळं आपण इतकी वर्षं बघत होतो, पण एकदाही बोललो नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं.

धडधड थांबली नाही. पण डोकं इतपत ताळ्यावर आलं, की तिच्या ऑफिसचा नंबर आपल्याकडे आहे, हे त्यांना आठवलं.

"आत्ताच आल्यात. देते हं," तिकडून कोणीतरी म्हणालं.

"बाबा, सॉरी! फोन चार्ज करायलाच विसरले." लेक ओरडा खायच्या तयारीत होती.

"असू दे. वाटेत काय चांगलं झालं?"

"काय?" ती गोंधळली. "बाबा, बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"सांग तर."

"धुकं होतं फार. पुढचं दिसेना, म्हणून पेट्रोल पंपावर थांबले निवळेपर्यंत. म्हणून तर उशीर झाला."

"हे मी शिकवलं होतं?"

"नाही. माझं मलाच वाटलं."

"छान केलंस," मास्तर म्हणाले. लेकीला त्यांनी हे याआधी कधी म्हटल्याचं त्यांना आठवेना.

त्यानंतर मास्तर निश्चिंत वगैरे झाले नाहीत. पण धडा संपला की चुका काढायच्या आधी ते एक तरी बरी गोष्ट सांगू लागले. एका तरुणाने दुभाजकावर गाडी चढवली, कुंडी पाडली. मास्तरांनी पुष्कळ विचार केला आणि म्हणाले, "हॉर्न मात्र वेळेवर वाजवलात."

लेकीला यायला उशीर झाला की ते अजूनही दारातून आत, आतून दारात करतात.

"कोणाशी बोलताय?" बायको स्वयंपाकघरातून विचारते.

"कोणाशी नाही. तिचं काय काय चांगलं आहे ते आठवतोय."

"मग बसून आठवा ना!"

"बसून नाही सुचत," मास्तर म्हणतात आणि पुन्हा दाराकडे वळतात.