जिन्याखालची भिंत

कुवेतला नोकरीला लागले तेव्हा माझा हुद्दा 'ड्राफ्ट्समन' असा होता. बाई आहे म्हणून त्यात काही फरक करावा असं कोणाला सुचलं नाही, आणि मीही आग्रह धरला नाही. कुवेत सिटीतल्या एका लहानशा आर्किटेक्टच्या ऑफिसात मी नकाशे काढत असे. इराकशी युद्ध संपून बरीच वर्षं झाली होती आणि सगळं शहर नुसतं बांधत सुटलं होतं. जुनं दिसलं की पाडायचं आणि तिथे दहा मजले चढवायचे. रोज सकाळी नवऱ्याच्या गाडीतून फरवानियाहून येताना कालपर्यंत उभं असलेलं काहीतरी आज नसायचं. त्यामुळे आमच्या लेबनीज साहेबांनी एक दिवस सांगितलं, की हे घर पाडायचं नाही, वाचवायचं आहे, तेव्हा मी पुन्हा विचारून खात्री करून घेतली.

घर बनेद अल-गारला होतं, समुद्रापासून दोन गल्ल्या आत. तेलाचा पैसा नुकता हाती येऊ लागला तेव्हा कोणा हौशी जोडप्याने बांधलेलं. सपाट छप्पर, पुढे हातभर काढलेले छज्जे, सिमेंटच्या जाळ्या, मोठमोठ्या काचा. साहेब म्हणाले, हे ऐतिहासिक घर आहे. मला हसू आलं. मी नाशिकची. आमच्याकडे पन्नास वर्षांत भाडेकरूसुद्धा हलत नाही. शिवाय पाटबंधारे खात्याचं गेस्ट हाऊस मी लहानपणी पाहिलेलं होतं, ते याचं सख्खं भावंड शोभलं असतं. त्याला कधी कोणी ऐतिहासिक म्हटल्याचं ऐकिवात नव्हतं.

दोन दिवस मापं घेतल्यावर मात्र माझं तोंड बंद झालं. बाहेर डांबर वितळेल असं ऊन, आणि आत दुपारी बारालाही काचेवर उन्हाची तिरीप नाही. छप्पर तेवढंच पुढे आणलं होतं जेवढं लागतं. जाळीतून समुद्राचा वारा येई आणि मोझॅकची जमीन पायाला गार लागे. आजूबाजूचे टॉवर एसी लावून घुमत होते, हे घर आपलं सावलीत बसलं होतं. ते मला मनापासून आवडलं आणि मग ते पाडलं जाऊ नये असं फार वाटायला लागलं.

कारण ते पाडलं जाण्याचीच शक्यता जास्त होती. घराची मालकीण सत्तरी उलटलेली विधवा बाई. नवरा गेल्यावर घर तिच्या आणि तीन मुलांच्या नावावर झालं. आजूबाजूच्या टॉवरवाल्यांचा त्या जागेवर डोळा होता. वारसा सांभाळणाऱ्या सरकारी खात्याने घराला संरक्षित दर्जा दिला असता तर कोणालाच त्याला हात लावता आला नसता, आणि बाईंना त्यांच्याच घरात शेवटपर्यंत राहता आलं असतं. पण अर्जावर चौघांच्याही सह्या हव्या होत्या. बाईंनी आणि थोरल्या दोघांनी केल्या. धाकटा अडून बसला होता. तो एका बँकेत होता, दर शुक्रवारी आईला भेटायला यायचा, आणि बाहेर फाटकापाशी पाहुण्यांची जी बैठकीची खोली होती तिथेच बसून चहा घेऊन निघून जायचा. सगळ्या घराचं म्हणणं एकच, याला पैसा हवाय.

मापं घेताना टेपचं दुसरं टोक धरायला मला घरचा स्वयंपाकी मिळाला. रत्नागिरीकडचा, साठीचा, पांढरी दाढी. ऐन तारुण्यात आला तो इथलाच झाला. मी मराठी बोलते हे कळल्यावर त्याने पहिल्या दिवशी मला कोळंबीचा भात खाऊ घातला आणि मी त्याला चाचा म्हणायला लागले. मालकिणीला तो 'मामा' म्हणे. तिकडे घरकाम करणारे सगळे आईसारख्या मालकिणीला तसंच म्हणतात, पण मला दर वेळी मिशीवाला माणूस डोळ्यांसमोर येई. मला अरबी दुकानापुरतं येत होतं. मामांना इंग्रजी येत नव्हतं. आमच्या मधला दुभाषी चाचाच, आणि तो इतका प्रामाणिक की विचारू नका.

दिवाणखान्यात एक जिना होता. नुसत्या पायऱ्या भिंतीतून बाहेर आलेल्या, खाली आधार नाही. म्हणजे मुळात नसावा. कारण आता त्या जिन्याखाली कोणीतरी सगळीकडून सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत घालून सगळी जागा बुजवून टाकली होती. आणि भिंत तरी कसली! ओळंबा नावाची वस्तू तिने पाहिली नसावी. मध्ये पोट सुटलेलं, वर गिलावा थापलेला. इतक्या नेटक्या घरात हे काय, म्हणून मी कपाळाला हात लावला.

"ताई, तिकडं बघू नका," चाचा म्हणाला. "मीच घातलीय ती. मी काय गवंडी हाय? लाज वाटते मला."

मग त्याने सांगितलं. इराकी सैन्य आलं तेव्हा धाकटा विशीतला होता. सैनिक घरोघर शिरून तरुण पोरं उचलून नेत होते. मालकांनी ठरवलं, पोराला जिन्याखाली लपवायचं आणि पुढे भिंत घालायची. गवंडी कुठून आणणार आणि आणला तर विश्वास कोणावर ठेवणार? घराच्या मागे उरलेले ठोकळे पडले होते, सिमेंटची अर्धी गोणी होती. राहता राहिला चाचा. स्वयंपाकघरातल्या कपाटामागे जेमतेम माणूस सरकेल एवढं भोक ठेवलं, तिथून ताट आत जायचं.

"सगळे आपले लोक मुलखाला निघाले तवा. बसी भरभरून गेल्या. मी नाय गेलो. त्याला जेवान कोन देनार?"

सैनिक दोनदा येऊन गेले. भिंतीपुढे मोठं शोकेस लावलं होतं, त्यातल्या बशा त्यांनी नेल्या. मुलगा वाचला. देश मोकळा झाल्यावर तो कपाटामागच्या भोकातून बाहेर आला, भिंत तशीच राहिली. मालक पाडू म्हणायचे, पण मामा ऐकेनात. पुढे मालक गेले.

ऑफिसात साहेबांनी माझा नकाशा पाहिला आणि त्या भिंतीवर पेन्सिल आपटली. ही मूळची नाही. तपासणीला येणारे लोक आधी जिना बघणार, आणि तो हवेत तरंगताना दिसला नाही तर अर्ज तिथेच संपला. काढून टाक. आमच्या धंद्यात पाडायची भिंत तुटक रेघेने दाखवतात. मी ती तुटक केली, कागद गुंडाळला आणि मामांची संमती घ्यायला शुक्रवारी सकाळी बनेद अल-गारला गेले.

मामांना नकाशा वाचता येत नव्हता, पण आपल्या घराचा जिना कुठे आहे हे कोणालाही कळतं. त्यांनी तुटक रेघेवर बोट ठेवलं. चाचाने सांगितलं. त्यांनी हातानेच नाही म्हटलं.

"म्हनते, जिनं माझा पोर राखला तिला मी घराबाहेर काढू?"

मी समजावलं. भिंत राहिली तर घर राहणार नाही. घर गेलं तर भिंतही जाईलच की! मामा शांतपणे ऐकत होत्या आणि दर वेळी तोच हात हलत होता. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी माझा संयम सुटला आणि मी पुटपुटले, "काय हट्टी बाई आहे ही!"

चाचाने तेही इमानदारीत अरबीत सांगून टाकलं. मी हादरले. मामा मात्र हसल्या आणि काहीतरी म्हणाल्या.

"म्हनते, हट्टी नसती तर पोर जिता राहिला असता काय?"

मी कागद गुंडाळून बाहेर पडले. खरं सांगायचं तर मला रडायला येत होतं. घर आता पडणार याची माझ्यापुरती खात्री झाली होती.

फाटकापाशी बैठकीच्या खोलीत धाकटा बसला होता. त्याने इंग्रजीत हाक मारून विचारलं, की त्या घराचा नकाशा का तो, बघू. मी जरा फणकाऱ्यानेच तो त्याच्यापुढे पसरला. घर बुडवणाऱ्याशी गोड बोलायचं मला जड जात होतं. त्याचं बोट जिन्यापाशी थांबलं. मग त्याने विचारलं, ही रेघ अशी का? मी म्हटलं, अशी रेघ म्हणजे पाडायचं. पण तुमच्या आईंना ते मान्य नाही.

त्याने कागदावरून हात काढला नाही. म्हणाला, "लहानपणी मी त्या पायऱ्यांच्या खालून इकडून तिकडे पळायचो. मी विसरूनच गेलो होतो की तिथून पलीकडचं दिसायचं."

मग त्याने जे सांगितलं ते त्याने त्याआधी कोणाला सांगितलं नव्हतं. सही न करण्यामागे पैसा नव्हता. त्या दिवाणखान्यात पाऊल टाकलं की ती भिंत दिसते आणि श्वास कोंडतो. एकदा घर पडलं की भिंतही पडेल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. मी म्हटलं, मग आईला सांगा ना. तो म्हणाला, "काय सांगू? तिने मला वाचवलं त्या गोष्टीचा मला तिरस्कार वाटतो, असं? ही भिंत गेली तर मी आत्ता सही करतो. पण तिला तुम्ही सांगा."

म्हणजे मी आणि चाचा. मी परत आत गेले. मी मराठीत बोलत होते आणि चाचा अरबीत सांगत होता. मामांनी ऐकताना एकदाही हात हलवला नाही. भिंत मी त्याच्यासाठीच ठेवली होती, असं म्हणाल्या. त्याला दिसत राहावं की अल्लाने आणि आईबापांनी त्याला कसं सांभाळलं. त्याला ती नकोशी असेल हे इतक्या वर्षांत त्यांच्या मनात आलंच नव्हतं. कोणाच्याच आलं नव्हतं. मी तर त्याला लोभी ठरवून मोकळी झाले होते.

मामांनी भिंत काढायला होकार दिला आणि पुढचं सगळं रीतसर झालं. सह्या झाल्या, खात्याची माणसं आली, जिन्याखाली वाकून वाकून त्यांनी फोटो काढले आणि वर्षभराने दर्जा मिळाला. फाटकावर पाटी लागली. मामा त्या घरातच राहिल्या आणि मी कुवेत सोडलं तेव्हाही तिथेच होत्या. पण पाटी लागल्याचा समारंभ मला धड आठवत नाही. आठवतो तो भिंत पाडायचा दिवस. खालची जमीन मोजायची म्हणून मला जावंच लागलं होतं.

मजूर बोलवू नका, असं मामांनी सांगितलं होतं. ज्याने घातली त्यानेच काढायची. चाचाने घण उचलला आणि तसाच उभा राहिला. इतकी वर्षं त्या भिंतीची लाज वाटणारा माणूस, पण आता त्याचा हात उठेना. मग धाकटा आत आला, त्याने चाचाच्या हातातला घण घेतला आणि पहिला घाव घातला. भिंत कच्चीच होती. दोघांनी आळीपाळीने ठोकून ती तासाभरात खाली आणली. धूळ बसली तेव्हा जिन्याच्या पलीकडची काच, तिच्यापलीकडचं अंगण आणि बोरीचं झाड एकदम दिवाणखान्यात आल्यासारखं झालं. मामा खुर्चीत बसून बघत होत्या. मुलगा धुळीने पांढरा झाला होता. तो जिन्याखाली उभा राहून आईला अरबीत काही सांगू लागला, हळूहळू, थांबत थांबत.

चाचा सवयीने मला सांगत गेला. "म्हनतो, तू भिंतीला पाठ लावून हितंच बसायचीस. रोज बोलायचीस माझ्याशी. कोन आलं, काय शिजवलं, मांजरीला पिल्लं झाली. समदं ऐकू यायचं मला. पन अब्बांनी तोंड उघडायची बंदी केली होती. मला कदी जबाब देता नाय आला."

मामा काहीतरी बोलल्या. दोन-तीनच शब्द. चाचाने ते सांगितले नाहीत. तो पंच्याने तोंड पुसत राहिला. मलाही समोरचं नीट दिसत नव्हतं.

"चाचा, काय म्हणाल्या?"

"म्हनते, आता दे."