विनंती थांबा

माय गोष्टी सांगायची थांबली तेव्हा मी चौथीत होते.

त्या साली घाटंजीला आमच्या वस्तीत घरोघरी बौद्ध धम्माची दीक्षा झाली. बाबा नागपूरहून परतले ते पांढऱ्या सदऱ्यातच, आणि दुसऱ्या दिवशी कोनाड्यातले देव फडक्यात बांधून नदीत सोडून आले. माय त्यांच्यासोबत गेली होती. ती रडली नाही की कचरली नाही. घरी आल्यावर तिनं ओल्या फडक्यानं कोनाडा पुसून काढला आणि त्यात आमची पाटी-पुस्तकं ठेवली. त्या कोनाड्याचा मला फार अभिमान वाटला, अजूनही वाटतो.

रात्री धाकट्या दोघा भावांनी नेहमीसारखी गोष्ट मागितली आणि माय गप्प झाली. तिच्या प्रत्येक गोष्टीत कुठून ना कुठून देव यायचा. कधी भिकाऱ्याच्या वेषात दारात उभा राहायचा, कधी झाडातून बोलायचा, शेवटी कुणाला तरी पावायचा. देव वगळला तर गोष्टीत नुसता भिकारी आणि नुसतं झाड उरायचं.

"सांग नं वो माय, गोष्टीनं काय होते?" मी म्हटलं.

"थुकलं थे चाटाचं नाई," माय म्हणाली आणि कुशीवर वळली.

शब्दाला ती अशी पक्की. भाऊ रडून रडून झोपले. मायला मात्र झोप येईना, त्या रात्री नाही आणि पुढं कितीतरी रात्री नाही. चिमणी विझवल्यावर काही दिसत नसे, पण झोपलेल्या मायचा श्वास मला पाठ होता आणि तो ऐकू येत नसे. दिवसा ती कापूस वेचायला जायची, बोलायची, हसायची, विहिरीवर भांडायचीसुद्धा. रात्रीची माय मात्र मुकी झाली होती. मला ती परत पाहिजे होती. त्या वयात मला दुसरं काही नकोच होतं.

घरात सरळ वाचता येणारी मी एकटी. बाबा अक्षराला अक्षर जोडत वाचायचे, ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरायचे. तेव्हा गोष्ट आता आपल्याकडूनच यायला हवी असं मी ठरवलं आणि भेटेल त्याला विचारत सुटले, की निजताना वाचायला कोणतं पुस्तक चांगलं? मी जात्याच चिकट. एकदा मागं लागले की गोचीड बरी.

पहिलं पुस्तक सांगितलं बाबांनी. सभेत मिळालेली एक पुस्तिका होती, भाषणाची. ती मी चिमणीजवळ धरून वाचू लागले. दुसऱ्याच पानावर बाबा अंथरुणातून उठून ताठ बसले. पाचव्या पानापर्यंत शेजारचे दोघेतिघे दारात येऊन उकिडवे बसले. पुस्तिका संपली तरी कुणी उठेना, बोलणं चालूच राहिलं, आणि शेवटी चिमणीतलं तेल संपलं तेव्हा सगळे घरी गेले. भाऊ टक्क जागे होते. माय त्यांना थोपटत म्हणाली, "हे जागवाचं पुस्तक हाय, पोरी. चांगलं हाय. पण निजवाचं दुसरं पाह्य."

मग मी गुरुजींना विचारलं. गुरुजी सदा पेंगुळलेले असत, त्यामुळं या विषयातलं त्यांना कळत असणार असा माझा अंदाज होता. ते म्हणाले, "पाढ्यांची उजळणी वाच. पावकी, निमकी, पाऊणकी. निमकी सरेपर्यंत घर निजलं नाही तर मला सांग." गुरुजींचं खरं निघालं. भाऊ पावकीतच गळाले, बाबा निमकीत. पाऊणकीच्या मध्यावर माझीच जीभ जड झाली. तेवढ्यात अंधारातून मायचा आवाज आला, "पुढचं काय?" ती एकटी जागी होती, आणि तिला खरोखरच पुढचं हवं होतं. मला रडू आलं.

तिसरं पुस्तक माझ्या मैत्रिणीनं दिलं. ती कास्तकाराच्या घरची, बारमाही विहिरीवाल्यांची. शाळेमागच्या निंबाखाली तिनं ते माझ्या हातात ठेवलं. परीची गोष्ट होती, पुठ्ठा फाटलेला, मधली काही पानं सुटलेली. "आमी रोज निजताना हेच वाचतो," ती म्हणाली. आमच्या घरी मात्र परीनं घोटाळा केला. ती कुठं राहते, काय खाते, पंख कुशीवर निजल्यावर मोडत नाहीत का, या प्रश्नांत भावांनी अर्धी रात्र काढली. माय ऐकून घेत होती, पण परी काही तिच्या ओळखीची नव्हती.

मी पुस्तक परत द्यायला गेले. मैत्रिणीची आई दारात आली, पुस्तकाकडे पाहिलं आणि हसून म्हणाली, "राहू दे वो बाई, तूच ठेव." मी उड्या मारत घरी आले. एवढं मोठं मन कुणाचं असतं! मायला सांगितलं तर तिनं पुस्तक माझ्या हातून काढून घेतलं. मग म्हणाली, "उद्या जाय आन त्याहीच्या पायरीवर ठेवून ये." मी खूप आदळआपट केली. माझं पुस्तक, मला मिळालेलं, मी का ठेवून येऊ? तिनं कारण सांगितलं नाही, आणि मी रागानं दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. आमच्या हातचा विटाळ लागलेलं पुस्तक त्यांना घरात परत घ्यायचं नव्हतं, हे मला कळायला आणखी चार वर्षं लागली. मायला ते उभ्या उभ्या कळलं होतं. आजही ते आठवलं की माझ्या अंगाची आग होते, आणि त्या दोन दिवसांच्या अबोल्याची लाज वाटते ती वेगळीच.

बाबा मोटार स्टँडवर हमाल होते. लोकांच्या ट्रंका, गाठोडी, टोपल्या टपावर चढवायच्या आणि उतरवायच्या हे त्यांचं काम. एका संध्याकाळी त्यांनी सदऱ्यातून एक पातळ पुस्तक काढून माझ्यापुढं टाकलं. "घे. कंडक्टरनं देल्लं. नवीन आलं म्हणून जुनं फेकून राह्यलता."

ते मोटारींचं वेळापत्रक होतं. आकडे, गावं, आकडे.

"बाबा, हे काय वाचाचं पुस्तक हाय?"

"साऱ्या गावाले इचारून राह्यली नं? मले जे भेटलं थे आणलं," बाबा म्हणाले आणि हात धुवायला गेले.

मी चिडलेच होते. त्या चिडीतच रात्री ते उघडलं आणि मुद्दाम रेकत वाचू लागले. पहिल्याच पानावर वरती घाटंजी होती. तिच्याखाली एकेक गाव, एकेक फाटा. वाचता वाचता माझा आवाज आपोआप उतरला, कारण त्या गावांना माझ्या चिडण्याशी काही देणंघेणं नव्हतं. ती आपली एकामागून एक येत होती आणि मागं जात होती. भाऊ म्हणाले, आम्ही गाडीत बसलो. बाबा म्हणाले, त्या अमक्या गावाला मिरच्यांची पोती उतरतात. त्यांनी टपावर आयुष्य वाहिलं होतं, पण गाडीत बसून ते कुठं फारसे गेले नव्हते. त्या रात्री ते खिडकीजवळ बसल्यागत पडून राहिले. पांढरकवडा आला, गेला. पुढं पाटण. भाऊ झोपले, बाबा घोरू लागले. मी वाचत राहिले, कारण बाहेर चांदणं होतं, कुडाच्या फटीतून ते अंथरुणावर आलं होतं, आणि आमचं घर खरंच हळूहळू कुठंतरी चाललंय असं मला वाटत होतं.

मुकुटबनच्या अलीकडे एक फाटा आला. मी त्याचं नाव घेतलं आणि माय उठून बसली.

"हे छापलं हाय?"

"हो."

"आमच्या गावचा फाटा? पुस्तकात?"

माझं आजोळ तिकडचं. आजी-आजोबा मी जन्मायच्या आधीच गेले होते, त्यामुळं मी ते गाव पाहिलं नव्हतं. माय बाराव्या वर्षी लग्न होऊन निघाली ती बैलगाडीतून. रडून रडून दमली आणि घाटंजी येईपर्यंत झोपूनच राहिली. "वाट म्या पाह्यलीच नाई," ती म्हणाली. "निजली तं तिकडं होती, उठली तं इकडं." माहेरी परत जाणं कधी झालंच नाही, त्यामुळं मधली गावं तिनं त्या रात्री पहिल्यांदा ऐकली होती.

"त्याच्या बाजूले काय हाय?" तिनं विचारलं. नावापुढं एक चांदणी छापलेली होती. पानाच्या तळाशी तशीच चांदणी होती आणि पुढं अर्थ दिला होता. मी वाचला, "विनंती थांबा."

"म्हंजे?"

"म्हंजे कोणी म्हटलं तं गाडी थांबते. नाई म्हटलं तं तशीच जाते."

मायनं त्या चांदणीवर बोट टेकवलं. मग हळूच म्हणाली, "मंग म्या म्हटलं. थांबव."

मी पुस्तकावर बोट ठेवून थांबले. आणि माय बोलू लागली.

त्या फाट्यावर मोहाचं मोठं झाड होतं. उन्हाळा लागता लागता ती आणि तिची मोठी बहीण अंधारातच टोपल्या घेऊन तिथं जायच्या. मोह रात्रभर गळायचा. बहीण सांगायची, वर पाहू नको, वर पाहिलं की झाड लाजतं आणि फूल टाकत नाही. म्हणून माय खाली मान घालून बसायची आणि नुसतं ऐकायची. एकेक फूल पडायचं, मऊ, गोडसर वासाचं. ऐकता ऐकता तिचा तिथंच डोळा लागायचा. उजाडताना जाग यायची तेव्हा केसांत, कुशीत, मुठीत फुलं असायची आणि बहिणीनं तिला उठवायच्या ऐवजी तिच्याभोवतालची सगळी फुलं वेचून नेलेली असायची. फक्त तिच्या अंगावरची तेवढी तिच्यासाठी ठेवलेली.

सांगून झाल्यावर माय आडवी झाली. मला वाटलं, संपली गोष्ट. तेवढ्यात ती लहान पोरीसारखी म्हणाली, "पाह्य वो, याच्यात देव आलाच नाई!"

थोड्या वेळानं तिचा झोपेतला श्वास ऐकू येऊ लागला. तोच, मला पाठ असलेला. मी चिमणी फुंकली आणि पुस्तक छातीशी धरून अंधारात पडून राहिले. इतकं सुख मला पुढं कशानंच झालं नाही, आणि हे मी माझ्या लेकरांसमोरही म्हणते.

मायच्या पोटात बातमी राहत नसे. तिनं विहिरीवर सांगितलं की आमच्या घरी निजायचं चांगलं पुस्तक आलंय. आठवड्याभरात वस्तीतल्या बाया जेवणं आटोपून आमच्या ओट्यावर येऊ लागल्या. "मले दिग्रसच्या गाडीत बसव," एक म्हणायची. दुसरीला पुसदची गाडी पाहिजे असायची. आपला थांबा आला की जी ती म्हणायची, "थांबव वो बाई," आणि मी बोट ठेवून थांबायचे. मग एखादीचा पूर आलेला नाला यायचा, एखादीची मारकी म्हैस. बाकीच्या तिला छेडायच्या, "गाडी सोड आता, आमाले बी घरी जाचं हाय." मीच गाडी आणि मीच कंडक्टर, त्यामुळं माझी ऐट काय विचारता! धाकटे दोघे माझ्या मांडीवर झोपलेले असत. मायकडं तर इतक्या गोष्टी निघाल्या की त्या एका फाट्यावर आमची गाडी महिना महिना उभी राहायची.

पुढं माझा यवतमाळला मास्तरणीच्या ट्रेनिंगला नंबर लागला. वस्तीतली पहिलीच मुलगी मी. निघायच्या दिवशी बाबांनी माझी ट्रंक टपावर चढवली, दोरी तीन-तीनदा ओढून पाहिली. मायनं खिडकीतून माझ्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी दिलं.

"निजाच्या वक्ती वाचजो," ती म्हणाली.

मला हसू आलं. ज्या बाईला अक्षर येत नाही ती मला पुस्तक सुचवत होती. मी तोऱ्यातच म्हटलं, "माय, तिथी लय पुस्तकं रायतात."

"राहू दे. हेबी वाचजो."

वसतिगृहातली पहिली रात्र वाईट गेली. वीस पोरी, वीस खाटा, आणि कुणाचाच श्वास ओळखीचा नाही. शेवटी उठून मी फडकं सोडलं. वेळापत्रक होतं, कडा कुरतडलेलं, चिमणीच्या काजळीनं काळवंडलेलं. मी पहिलं पान उघडलं. घाटंजी तर मोठा स्टँड, तिथं प्रत्येक गाडी थांबायचीच, त्या नावापुढं चांदणी असायचं कारणच नव्हतं. पण तिथं चांदणी होती. काजळात बोट बुडवून काढलेली, वाकडी, पाचाऐवजी सहा टोकांची.

मी नावावर बोट ठेवलं आणि हलकेच म्हटलं, "थांबव."