ठिगळ्याचं खानदान

टेलर मास्तरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांच्या कापायच्या टेबलावर उभा होतो. एका पायावर पँट, दुसऱ्या पायावर नुसत्या टाचण्या. खाली टेबलाभोवती एक जनावर येरझाऱ्या घालत होतं. त्याचा आकार, मी आजही शपथेवर सांगतो, वयात आलेल्या रेड्याएवढा होता. डोळे कंदिलासारखे. जबडा असा ऐसपैस की त्यात माझ्यासारखे चौघे बसून पत्त्यांचा एखादा डाव सहज टाकू शकले असते. ते गुरगुरलं की कपाटातल्या बरण्यांमधली बटणं वाजायची.

गळ्यात टेप आणि तोंडात टाचण्या घेतलेले मास्तर शांतपणे म्हणाले, "भाऊ, अजिबात हलू नका."

मी श्वाससुद्धा रोखला.

"हललात तर घोट्याचं माप चुकेल."

"मास्तर, हा चावतो का?"

"नाही हो. वास घेतोय. तुमच्याकडे कुत्रा आहे का?"

"नाही."

"मांजर?"

"नाही."

"मग त्याला कसला वास येतोय?" असं म्हणून मास्तर खरोखरच विचारात पडले, आणि मी तसाच टेबलावर राहिलो. शेवटी मागच्या खोलीतून मास्तरांच्या पत्नी, आमच्या काकू आल्या, "ठिगळ्या, बस" म्हणाल्या आणि रेडा बसला. मी उतरून पाहिलं तर तो माझ्या गुडघ्याच्या खालीच संपत होता.

मास्तरांचं दुकान आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर होतं आणि दुकानाच्या मागच्या खोलीत मास्तर आणि काकू राहायचे. दोन मशिनी, एक टेबल, आणि एक आरसा, ज्यात कुठलाही माणूस जरा बारीक दिसे. आरसा मुळातच तसा आहे, असं मास्तर म्हणत. मुद्दाम शोधून आणलाय, असं काकू म्हणत. मास्तरांची कात्री सरळ चाले आणि डोकं आडवंतिडवं. बाही आखूड झाली अशी तक्रार केली की ते आधी बाहीकडे बघत, मग हाताकडे, आणि मग अत्यंत प्रामाणिकपणे विचारत, "हात आधीपासून एवढाच होता का?" गिऱ्हाईक घरी जाऊन हात मोजून बघे.

त्यांना एक सवय होती. सुईत ओवण्याआधी दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं करायचं. सगळेच शिंपी करतात. पण मास्तरांच्या बाबतीत ती सवय दोऱ्यापाशी थांबली नव्हती. पेन्सिल, किल्ली, बिलाचा कोपरा, ज्याला म्हणून टोक आहे ते हातात आलं की आधी ओठांना लागायचं. "एक दिवस इस्त्रीचं टोक चाटाल," काकू म्हणायच्या.

ठिगळ्या दुकानात आला त्याचीही गंमतच. कुणीतरी केसाळ कॉलरचा एक कोट अस्तर बदलायला टाकून गेलं होतं. मास्तरांनी टेबलाखालच्या कात्रणांच्या ढिगात हात घालून कॉलर धरून कोट उचलला, तर कॉलरने जांभई दिली. पाठ काळी, पोट पिवळट, एक कान तपकिरी, आणि शेपटी दुसऱ्याच कुठल्या कुत्र्याची घाईत जोडल्यासारखी. दिवाळखोर शिंप्याने उरलेल्या तुकड्यांतून शिवावा तसा तो ऐवज होता. ठिगळ्या हे नाव त्याला कुणी ठेवलं नाही, ते त्याच्या अंगावरच होतं.

तयार कपडे तपासून देणारी लेक नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेल्यापासून शिवून झालेला प्रत्येक कपडा मास्तर आधी ठिगळ्यापुढे धरत. तो बघत राहिला तर पास. शिंकला तर उसवायचा. काकूंना हे मुळीच मान्य नव्हतं, पण एकदा ठिगळ्या शिंकलेला कोट तसाच दिला आणि गिऱ्हाईक तो परत घेऊन आलं, तेव्हापासून त्याही शिंकेची वाट बघायला लागल्या.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका सकाळी मॅनेजरसाहेब आले. आमची इमारत एका कंपनीच्या मालकीची. कंपनी कुणी पाहिलेली नाही. कंपनी म्हणून जे काही दिसतं ते मॅनेजरसाहेबच. माणूस लोण्यासारखा मऊ, पण कंपनीचं नाव निघालं की त्या लोण्याला घाम फुटे.

"मास्तर, नवा नियम आलाय. रॉटवायलर आणि तसल्या दांडग्या जातींचे कुत्रे इमारतीत ठेवायचे नाहीत."

"बरं."

"बरं काय? हा कुठल्या जातीचा आहे?"

मास्तरांनी ठिगळ्याकडे बघितलं. ठिगळ्या मॅनेजरसाहेबांच्या बुटाची लेस सोडवत होता. "हा होय? हा आपला साधा कुत्रा आहे."

"साधा कुत्रा अशी जात माझ्या यादीत नाही."

"रॉटवायलर दिसायला कसा असतो?"

"काळा असतो म्हणे."

दोघांनी ठिगळ्याच्या पाठीकडे बघितलं.

"हे बघा मास्तर," मॅनेजरसाहेब कपाळ पुसत म्हणाले, "मला कागद लागेल. तीन महिन्यांच्या आत. नाहीतर एक तर कुत्रा जाईल, नाहीतर तुमचा गाळा. मी नाही बोलत हं हे, कंपनी बोलतेय."

त्या दिवशी मास्तरांनी एका शर्टाला दोन डाव्या बाह्या लावल्या.

उपाय लेकीने काढला. कुत्र्याच्या तोंडातली लाळ प्रयोगशाळेत पाठवली की त्याच्या वाडवडिलांत कोण कोण होते ते टक्क्यांत लिहून येतं, असं तिने फोनवर सांगितलं. त्याला डीएनए चाचणी म्हणतात.

"टक्क्यांत?" मास्तर म्हणाले. "कापडाच्या काठावर असतं तसं?"

"तसंच बाबा."

"अहो," काकू मधेच म्हणाल्या, "स्वतःच्या पणजोबांचं नाव विचारलं तर माझ्या तोंडाकडे बघता, आणि निघालात कुत्र्याचं खानदान शोधायला!"

"माझा पणजोबा कोण ते कंपनीने विचारलं नाही ना अजून," मास्तर म्हणाले. आयुष्यात त्यांनी काकूंना एवढं चोख उत्तर दिल्याचं मला आठवत नाही. त्यांनाही आठवत नसावं, कारण ते बोलून स्वतःच दचकले.

लेकीने डबी पाठवली. आत टोकाला कापूस लावलेल्या काड्या. जेवणानंतर थोड्या वेळाने कुत्र्याच्या गालाच्या आतल्या बाजूला काडी फिरवायची, वाळवायची, नळीत घालून पाठवायची. मला बोलावणं आलं. काकूंनी ठिगळ्याचा जबडा धरला. मला मागची बाजू धरायला दिली, जिचा या शास्त्राशी काडीचाही संबंध नव्हता, पण माणसं कमी होती. मास्तरांनी चष्मा लावला, काडी उजेडात धरली, सुईत दोरा ओवावा तशी समाधी लावली आणि ठिगळ्याच्या गालात फिरवली. ठिगळ्याने डोळे मिटून घेतले. त्याला वाटलं, काही खायला मिळणार.

बऱ्याच दिवसांनी निकाल आला. तो लेकीच्या मोबाईलवर आला आणि तिने फोनवरून वाचून दाखवला. "नमुन्यात एकाहून अधिक प्रकारच्या प्राण्यांच्या पेशी आढळल्या. जात ठरवता आली नाही."

काकूंनी ठिगळ्याच्या पाठीवरचा हात काढून घेतला.

"म्हणजे काय गं?" मास्तरांनी विचारलं.

"म्हणजे बाबा, कुत्रा आहे, आणि शिवाय आणखी काहीतरी आहे."

"आणखी काय?"

"ते त्यांनी लिहिलं नाही."

आता ही गोष्ट तळमजल्यावर राहते थोडीच! संध्याकाळपर्यंत ती गच्चीवर पोचली. वॉचमन म्हणाला, शेपटीवरून सरळ सरळ कोल्हा आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी लांडगा सांगितला. दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त पोस्टमन राहतात. कुत्र्यांशी त्यांचा आयुष्यभराचा संबंध, फक्त कुत्रा मागे आणि हे पुढे. ते म्हणाले, "तरस. माझं ऐका, तरस." मास्तरांचं सगळ्यांशीच एकमत झालं. सकाळी ते ठिगळ्याकडे कोल्हा म्हणून बघत, दुपारी लांडगा म्हणून. एकदा तर मी गेलो तेव्हा ते टेपने त्याच्या दोन कानांमधलं अंतर घेत होते.

"किती भरलं?" मी विचारलं.

"भरलं बरोबर. पण लांडग्याचं किती असतं?"

ते मला कुठलं माहीत! आम्ही दोघंही मग ठिगळ्याकडे बघत बसलो. तोही आळीपाळीने आमच्याकडे बघत होता. त्या वेळी दुकानात सगळ्यात निश्चिंत चेहरा त्याचाच होता.

मॅनेजरसाहेब आता आत येईनासे झाले. खिडकीबाहेरूनच म्हणाले, "मास्तर, कंपनीला काय कळवू? अर्धा कुत्रा म्हणून कळवू?"

शेवटी लेक रजा टाकून आली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "बाबा, तुम्ही नमुना कसा घेतलात ते मला करून दाखवा."

मास्तरांनी उरलेली एक काडी काढली, उजेडात धरली आणि टोक ओठांतून ओढून छान ओलं केलं.

"बाबा!"

"काय झालं?"

"तोंडात काय घातलंत?"

"कुठे काय?" मास्तर म्हणाले. काडी तोंडातच होती.

काकूंनी आधी तोंडाला पदर लावला, मग मशिनीपुढच्या स्टुलावर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "अहो, ते दुसरं जनावर तुम्हीच! लोक लांडगा शोधताहेत आणि लांडगा इथे काज करतोय!"

मास्तर हसले नाहीत. त्यांना त्यातलं काहीतरी अजून जुळत नव्हतं. "म्हणजे ठिगळ्यात मी आहे?"

"ठिगळ्यात नाही हो बाबा, काडीत."

"मग माझी जात का नाही लिहिली त्यांनी?"

"ते फक्त कुत्र्यांचीच काढतात."

"बरं झालं," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "नाहीतर तुम्हालाही काढलं असतं इमारतीतून."

दुसरा नमुना काकूंनी घेतला. मास्तर हात मागे बांधून कोपऱ्यात उभे होते. खबरदारी म्हणून त्यांनी तोंडात टाचण्या भरून घेतल्या होत्या.

दुसरा निकाल स्वच्छ आला. तेवढंच त्याच्याबद्दल चांगलं सांगता येईल. थोडा लॅब्रेडॉर. थोडा जर्मन शेफर्ड. थोडा डॅशहुंड, म्हणून पाय तसे आखूड. थोडा पग, जो कुठे आहे ते आजपर्यंत कुणाला सापडलेलं नाही. सुमारे आठवा हिस्सा रॉटवायलर. आणि उरलेला, सगळ्यात मोठा हिस्सा, 'निश्चित सांगता येत नाही'.

मॅनेजरसाहेबांनी ते वाचलं, परत वाचलं, आणि धीर करून आत आले. "हा आठवा हिस्सा नेमका कुठे आहे?"

आम्ही सगळ्यांनी मिळून शोधला. पाठ चाचपली, कान उलटे करून बघितले, शेपटी उचलली. एवढे लाड एकदम होताहेत म्हणून ठिगळ्या उताणा पडून सगळे हिस्से दाखवायला लागला.

मास्तर म्हणाले, "साहेब, माझं ऐका. कापडात दोन आणे लोकर असली म्हणून त्याला कुणी लोकरीचं कापड म्हणत नाही."

"खरंय," मॅनेजरसाहेब म्हणाले. मास्तरांचा चेहरा उजळला. "पण मास्तर, ते धुताना लोकरीसारखंच धुवावं लागतं ना? नाहीतर आटतं."

मास्तर सवयीने 'हो' म्हणून गेले. कारण आटतं, हे खरंच होतं.

नियमात कितवा हिस्सा चालेल ते लिहिलेलं नव्हतं. म्हणून मॅनेजरसाहेबांनी कंपनीला विचारलं. कंपनीचं उत्तर एका ओळीचं आलं. ज्या कुत्र्याची जात निश्चित सांगता येत नाही, तो बंदी असलेल्या जातीचा आहे असं धरावं. मॅनेजरसाहेबांनी ते दुकानात उभं राहून वाचलं, पण मान वर केली नाही.

"चाचणी केली नसतीत तर..." ते पुटपुटले.

"तर?"

"तर मी कसंतरी निभावून नेलं असतं. साधा कुत्रा म्हणून लिहिलं असतं काहीतरी."

"आणि आता कोण आहे तो?" मास्तरांनी विचारलं.

मॅनेजरसाहेबांनी ठिगळ्याकडे बघितलं. "आता मलाही कळत नाही."

ठिगळ्याला आपण घेऊन जातो, असं परत रजा टाकून आलेल्या लेकीने सुचवलं. तिच्या घराला गॅलरी होती, समोर बाग होती. सगळ्यांनाच ते पटलं. मास्तरांनाही पटलं, त्यांनी मान डोलावली आणि ठिगळ्यासाठी प्रवासात घालायचं एक जाकीट शिवायला घेतलं. माप घेतलं, कापलं, शिवलं, सवयीने शिवलेलं त्याच्यापुढे धरलं. ठिगळ्या शिंकला. मास्तरांनी उसवलं, परत शिवलं. तो परत शिंकला. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही, पण जाकीट कधी पुरं झालं नाही. लेकीची रजा संपली आणि ती एकटीच परत गेली. स्टेशनवर सोडायला गेलेल्या काकू परतल्या तेव्हा मास्तर आरसा भिंतीवरून उतरवत होते.

"अहो, हे काय?"

"कळत नाही," मास्तर म्हणाले. "पण आरसा आधी न्यावा लागेल. फुटतो."

काकूंनी बटणांच्या बरण्या खाली काढायला घेतल्या.

मास्तरांचं दुकान आता समोरच्या इमारतीत आहे. तिथे कुत्र्यांबद्दल काहीच नियम नाही. गाळा थोडा अंधारा आहे, दिवसाही दिवा लावून शिवावं लागतं. जुन्या गाळ्यात मोबाईलची कव्हरं मिळतात.