येळवशीला बंद राहिलेलं शेत

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेच आता एकमेकांत मिसळून गेलेत. पण सरकीच्या एका पोत्याचं प्रकरण आजही लख्ख आठवतं आणि आठवलं की थकल्यासारखं होतं.

निजामी राजवटीची ती अखेरची वर्षं. मी नांदेडच्या कोतवालीत अमीन होतो, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार. सकाळी हजेरी, मग गस्तीचा अहवाल, मग उर्दूतून कागद काळे करणं, यात दिवस जायचा. शहराबाहेर कापसाचं एक प्रयोगक्षेत्र होतं. आपल्याकडे पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, मर लागते, उभं झाड आठवड्यात वाळून जातं. मरीला दाद न देणारं वाण काढण्यासाठी सरकारनं राजधानीच्या विद्यापीठाला इमदाद, म्हणजे अनुदान, दिलं होतं. तिथला एक तरुण संशोधक ते काम बघायचा. मूळचा लातूरच्या एका शेतकऱ्याच्या घरातला. वाण सिद्ध झालं की बियाणं एका जिनिंग मिलच्या मालकानं विकायचं आणि नफ्यातला वाटा सरकार-विद्यापीठाला द्यायचा, असा करार झाला होता. तोवर एक दाणाही बाहेर जाता कामा नये, ही त्यातली मुख्य अट.

आणि नेमकं एक पोतं गेलं. गोदामाचं कुलूप शाबूत, किल्ली संशोधकाकडे. मिलचा मॅनेजर तावातावानं फिर्याद घेऊन आला. "त्यानंच दुसऱ्या व्यापाऱ्याला विकलं, दुसरं काय!" विद्यापीठानं पोराला कामावरून दूर केलं, सरकारनं इमदाद थांबवली आणि वरून मला हुकूम आला की लवकर उरका. वरच्यांना नेहमीच लवकर हवं असतं. पायपीट करायची असते ती आपल्याला.

मी संशोधकाला समोर बसवलं. खोटं बोलणारा माणूस तपशील फार देतो, असा माझा अनुभव. हा काहीच देत नव्हता.

"मी विकलं नाही, अमीनसाहेब."

"मग कुणाला दिलं?"

"दिलंही नाही."

"कुणी नेलं ते ठाऊक आहे?"

यावर तो खाली बघत बसला. दरडावलं, समजावलं, चहा पाजला, उपयोग शून्य. माणूस स्वतःला वाचवताना बडबडतो आणि दुसऱ्याला वाचवताना मुका होतो. हा कुणाला तरी पाठीशी घालत होता. तो जामिनावर सुटला आणि मी वाट बघायचं ठरवलं. सोनं चोरलं तर पुरून ठेवता येतं, बियाणं पेरल्याशिवाय कामाचं नसतं. आज ना उद्या ते जमिनीतून वर येणारच होतं.

पेरण्या झाल्या, दिवाळी गेली. येळवशीच्या रजेवरून माझा एक शिपाई परत आला. त्याचं गाव शिरूर अनंतपाळच्या बाजूला. हजेरीनंतर इतरांशी गप्पा मारताना म्हणाला, "औंदा आमच्या गावात एकानं लई नवल केलं बघा. स्वतःचं रान असून येळवस केली सोयऱ्या-पाव्हण्याच्या रानात. आपल्या रानात कुणाला म्हून बोलावलं न्हाई."

बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. पण त्या भागात येळवस म्हणजे काय, हे मला माहीत होतं. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला अख्खं गाव रानात असतं. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोप, करून पूजा होते, मग भज्जी, उंडे आणि आंबील. त्या दिवशी बांधावरून जाणाऱ्या वाटसरूला हात धरून जेवायला बसवतात. ज्याच्याशी कोर्टात भांडण चालू आहे त्यालाही हाक जाते. अशा दिवशी ज्यानं आपलं रान बंद ठेवलं, त्यानं तिथं काही लपवल्याची दवंडीच पिटली म्हणायची. वर्षभर त्यानं काटेरी कुंपणावर भागवलं असेल, पण येळवशीला कुंपण चालत नाही म्हणून त्यानं सणच दुसरीकडे नेला.

"काय लावलंय त्यानं रानात?" मी विचारलं.

"पऱ्हाटीच की. लातूरच्या एका घरचा जावई हाय. मेव्हणा मोठा शिकेल हाय म्हणत्यात, नांदेडलाच असतो."

पुढं विचारायची गरज उरली नाही. वाण ओळखू शकेल असा माणूस अख्ख्या मुलखात एकच होता, तो म्हणजे संशोधक स्वतः. त्यालाच बरोबर घेतलं. लातूर रोडपर्यंत रेल्वेनं आणि पुढं बैलगाडीनं गेलो. कुठल्या गावाला चाललोय ते कळल्यावर तो गाडीत माझ्याकडं पाठ करून बसला.

पोलीस पाटील आणि पंच घेऊन शेतावर पोचलो. शेजारच्या रानांत निम्मी पऱ्हाटी वाळून काळी पडलेली. मधोमध या एकाच रानात झाडं हिरवी, बोंडं उमलून पांढरीफेक. संशोधकाचा मेव्हणा, म्हणजे बहिणीचा नवरा, आडवा आला.

"बी माझं हाय सायेब. लातूरच्या बाजारातून आणलंय."

संशोधकाचं तिकडं लक्षच नव्हतं. त्यानं माझ्याकडून चाकू घेतला, एक झाड कापलं, खोड उभं चिरलं. मर लागलेल्या झाडाचं खोड आतून तपकिरी पडतं. हे खोड दुधासारखं होतं. दुसरं चिरलं, तिसरं चिरलं. "दाजी," तो मेव्हण्याला म्हणाला, "शेजारची कधी वाळायला लागली? ही किती मेली?"

"येकबी न्हाई," मेव्हणा बोलून गेला.

मी पंचांना जवळ बोलावलं आणि संशोधकाला विचारलं, "हे तुमचंच वाण आहे का? विचार करून सांगा. तुमच्या शब्दावर पंचनामा होणार आहे."

तो नाही म्हणाला असता तर मेव्हणा सुटला असता. पण चोरीचा डाग याच्यावर राहिला असता आणि मरीच्या जमिनीत उभं राहिलेलं ते रान कुणा अनोळखी सरकीचं ठरलं असतं. बांधावर त्याची बहीण पदर तोंडाशी धरून उभी होती.

"दादा, न्हाई म्हण," ती म्हणाली. "तुझ्या पाया पडते."

त्यानं चिरलेलं खोड पंचांपुढं धरलं. मग म्हणाला, "माझंच आहे."

मेव्हण्यानं तिथंच कबुली दिली. पाहुणा म्हणून नांदेडला गेला असताना बी मागितलं, मिळालं नाही. मग संशोधक आंघोळीला गेल्यावर खुंटीची किल्ली काढली आणि गोदामातून पोतं उचललं. "तीन सालं रान मरून राहिलं होतं सायेब. घरात सोनं असून उपाशी मरायचं का?"

मेव्हण्याला कैद झाली. करारानुसार पऱ्हाटी उपटून जाळायचा हुकूम निघाला, बंदोबस्ताला मीच होतो. मात्र जाळण्याआधी त्याच रानाचा अहवाल गेला. वाण सिद्ध झालं, इमदाद वाढली, संशोधक सन्मानानं कामावर परतला आणि मिलला विक्रीचा परवाना मिळाला.

पुढच्या मृगाआधी मिलच्या दारात बियाण्यासाठी झुंबड उडाली. रांगेच्या बंदोबस्ताला पुन्हा मी. लोह्याकडचे, मुरुडकडचे शेतकरी उन्हात ताटकळत होते. रांगेत ती बहीण दिसली, नवरा अजून तुरुंगातच होता. मी जवळ जाऊन म्हणालो, "बाई, पुढं चला, मी सांगतो त्यांना."

तिनं मान हलवली. "न्हाई सायेब. आमच्या रानात जगलं, तवा तुमी जाळलं. आता इकत घ्याया आलेय, तर रांगंतूनच घेते."

तपासात खोट नव्हती. फिर्याद खरी, कबुली खरी, साक्ष खरी. चोरी कुठं झाली ते शोधणं माझं काम आणि ते मी केलं. पण रयतेच्या महसुलातून झालेलं बियाणं रयतेच्याच घरात गेलं तर तो गुन्हा कसा, हे मला कुठल्याच कलमात सापडलं नाही आणि वर कुणाला विचारायची सोयही नव्हती. या प्रकरणानं मला एवढंच शिकवलं की खरं बोलणाऱ्यालाही त्याची किंमत मोजावी लागते आणि बहुतेक वेळा ती घरच्यांनी मोजलेली असते. संशोधक त्या दिवशी मिलच्या आत, साहेबलोकांत बसला होता. खिडकीतून त्यानं बहिणीला पाहिलं आणि उठून दारापर्यंत आला. तिचा नंबर आला होता. तिनं पोतं डोक्यावर घेतलं आणि त्याच्या समोरून निघून गेली.