आवाजातला बारदाना

आमच्या नांदेडच्या घरात मी अक्षरं पत्रकांवरून शिकलो. शेतकरी चळवळीची ही पत्रकं बाबा लिहायचे. छपाईआधी प्रूफ मी मोठ्यानं वाचायचो, अगदी स्वल्पविराम आणि उद्गारचिन्हासकट. बाबा मूळ कागदावर बोट ठेवून ऐकायचे. चौथीपासून ती जागा माझी होती.

गेल्या वर्षी अहमदपूरच्या सभेत बाबा कागदाशिवाय बोलले. त्या भाषणाचंच पत्रक करायचं ठरलं. मोबाइलवर रेकॉर्डिंग होतं, पण कर्ण्याच्या घूं आवाजात शब्द लागेनात.

"इंजिनिअरिंगला हायस ना? काढ की ती घूं," बाबा म्हणाले.

डिजिटल फिल्टरचा पहिला धडा नुकताच झाला होता. आवाज म्हणजे सेकंदाला हजारो आकडे. शेजारशेजारच्या आकड्यांची सरासरी घेतली की खडबड कमी होते. शत्रूशी तडजोड करायची नाही, हे मला घरातच शिकवलेलं. मी पाच आकड्यांची सरासरी घेतली, मग वीसची, मग दोनशेची. घूं गेली. बाबांचे शब्दही गेले. उरलं ते गोधडीखालून कुणी कण्हावं तसं काहीतरी.

लॅबमध्ये शेजारच्या कॉम्प्युटरवर वर्गातली एक मुलगी बसायची. उदगीरच्या धान्यबाजारातल्या आडत्याची लेक. आडत्यांविरुद्ध मी स्वतः दोन पत्रकं लिहिली होती, आणि तिनं ती वाचली होती.

"लई गाळून राहिलास की रे," ती हसली. "धान्यासकट पोतं फेकून देतोस का?"

"मग तू काय करशील?"

"बारदाना वजा करीन. पोत्याचं वजन तेवढं काढायचं, माल तसाच."

कर्ण्यातली घूं विजेची होती, आणि ती सेकंदात पन्नास वेळा तशीच्या तशी परत येते. आमच्या रेकॉर्डिंगमध्ये सेकंदाला आठ हजार आकडे होते, म्हणजे दर एकशे साठ आकड्यांनी तीच घूं. तिनं प्रत्येक आकड्यातून एकशे साठ जागा मागचा आकडा वजा केला. एका ओळीचं काम. परत परत येणारं कटलं, बोलणं राहिलं. आवाज जरा पोकळ झाला, पण बाबांचा शब्द न् शब्द कळत होता. मी आठ दिवस घालवले होते. मला तिचं अभिनंदनही करवलं नाही.

फाइल बाबांना ऐकवली. ते डोळे मिटून ऐकत राहिले. "वा रे पठ्ठ्या! तूच केलंस?"

हो म्हणायला कोण अडवत होतं? ज्याचे श्रम त्याचं श्रेय, हे वाक्य मीच किती पत्रकांत घातलं होतं. शेवटी तिचं नाव सांगितलं.

"मग रविवारी बोलव तिला," बाबा म्हणाले. "प्रूफ तीच वाचू दे."

रविवारी ती आली आणि माझ्या जागेवर बसली. खणखणीत वाचत होती. दुसऱ्या परिच्छेदात तिनं एक स्वल्पविराम सोडला.

"स्वल्पविराम!" मी दारातून ओरडलो.

बाबांनी वर पाहिलं नाही. "हाव, घेतला," म्हणाले, आणि बोट पुढच्या ओळीवर नेलं.