सहा वाचवण्यासाठी एक

तासगावहून निघाले त्या दिवशी सिंधू स्टँडवर आली नाही. सिंधू माझी धाकटी बहीण. दोघींचे नवरे गेल्यावर आम्ही तिच्याच घरी एकत्र राहत होतो. रिक्षात बॅग चढवली तेव्हा ती दारात उभी होती, हात पिठाचे. "तीन महिन्यांनी तर येणार आहेस, रडायला काय झालं?" म्हणाली. मी रडत नव्हते, तीच रडत होती. वर बजावलं, "तिथं काही झालं तर मला लगेच सांगायचं. चार दिवसांनी पोरांच्या तोंडून कळायला नको." मीही तिला तेच सांगितलं.

आमचं हे जुनं ठरलेलं. थोरला भाऊ वारला तेव्हा तिला आधी कळलं. माझ्या दारात येऊन उभ्या उभ्या म्हणाली, "अण्णा गेला. चप्पल घाल, निघायचंय." पाणी दिलं नाही, बस म्हणाली नाही. मला ते बरं वाटलं.

माझी मुलगी वैशाली फेल्डहोवन या डच गावात राहते. जावई ग्लेन ऑस्ट्रेलियाचा, चिपची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. मी फेब्रुवारीत पोचले आणि मार्चमध्ये कोरोनामुळे विमानं बंद झाली. तीन महिने संपले, मुदत वाढवून घेतली. वैशाली वरच्या खोलीत मीटिंगमध्ये, ग्लेन जेवणाच्या टेबलावर मीटिंगमध्ये, मी खिडकीशी सायकली बघत. दुपारी सिंधूचा व्हिडिओ कॉल यायचा. दिवसभर मी तिला सांगायच्या गोष्टी जमवायची.

शनिवारी सकाळी ग्लेन त्यांच्याकडचा फुटबॉल लावायचा. मेलबर्नला त्याचे वडील एकटे, तेही घरात कोंडलेले. फोन कानाला लावून बापलेक एकच मॅच बघायचे. इथली पोरं खेळतात तो फुटबॉल वेगळा. यात मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल, आणि तो हातात घेऊन पळायचं, लाथेने नाहीतर मुठीने पुढे द्यायचा. ग्लेनने मासा वाढायच्या लांबट ताटलीत राजमा आणि छोले असे दोन संघ मांडून मला खेळ शिकवला. त्याला मराठी थोडं येतं, मला इंग्रजी त्याहून कमी. राजमा-छोल्यांनी भागलं.

मला बचाव बघायला आवडायचं. गोल करणाऱ्याचं सगळं दिसतं, अडवणाऱ्याचं नीट बघावं लागतं. चेंडू झेलता येत नसेल तर अडवणारा मागून मूठ मारून तो उडवून लावतो. मला नको, तुलाही नको. समोरच्याला कडेकडेने जायला लावतात, कारण तो मधून घुसला तर थेट खांबांवर येतो. फारच अंगावर आलं तर सगळेच मागे जाऊन गर्दी करतात. खांब चार असतात. मधल्या दोघांतून लाथेने चेंडू गेला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. अगदी कोंडी झाली की अडवणारा स्वतःच चेंडू आपल्या खांबांतून बाहेर घालवतो. तसा गेला तर समोरच्याला एकच मिळतो, सहा वाचतात. ग्लेन बोटं दाखवून म्हणायचा, "आई, एक ओके. सहा नको."

ऑगस्टमध्ये सिंधूचे फोन थांबले. तिचा मुलगा बाळू फोन उचलायचा. "मावशी, आई झोपलीय." मग तिचा फोन बिघडला. मग रेंज गेली. माझा फोन वाजला की वैशाली माझ्याआधी पोचायची. गणपतीत तिने मोदक केले नाहीत, नारळ मिळाला नाही म्हणाली. सुपरमार्केटात नारळ मी स्वतः पाहिले होते. सिंधूचं नाव काढलं की मला कडेला घ्यायची. "आई, गोळी घेतलीस का? चल, जरा फिरून येऊ." मी फिरून यायची. नेट लावून विचारलं नाही. उत्तर मिळालं असतं तर?

सप्टेंबरातल्या एका शनिवारी वैशाली आपणहून जवळ येऊन बसली. माझा हात हातात घेतला. "आई, सिंधूमावशीला जरा ताप आहे. दवाखान्यात ठेवलंय. काळजीचं काही नाही." एवढं बोलून ती दुकानात गेली.

मी ग्लेनच्या शेजारी जाऊन बसले. त्याच्या वडिलांचा फोन त्या दिवशी लागत नव्हता. मॅच चालू होती. एका अडवणाऱ्याच्या मागे तिघं लागले, त्याने वळून पाहिलं आणि चेंडू आपल्याच खांबांतून घालवला. ग्लेनने सवयीने बोट वर केलं. "एक."

मघाशी माझ्या हातात एक ठेवून वैशाली दुकानात गेली होती. आपल्याकडे ही रीतच आहे. गेलेल्या माणसाला आधी आजारी पाडायचं, मग गंभीर करायचं, मग मारायचं.

मी मधून गेले. "ग्लेन, सिंधू आहे का?"

त्याने दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. "आई, वैशाली..."

"वैशाली नाही. तू सांग."

त्याने टीव्हीचा आवाज बंद केला. चेहरा लाल झाला होता. "नाही," तो म्हणाला. "सिंधूमावशी नाही."

"कधी?"

त्याला शब्द सापडेना. शेवटी म्हणाला, "गणपती."

वैशाली पिशव्या घेऊन आली आणि आमच्याकडे बघून तिथेच थांबली. "कुणी सांगितलं?"

"तुझ्या नवऱ्याने. त्याला खोटं बोलण्याइतकं मराठी येत नाही."

"आई, तुझं बीपी..."

"बीपी माझं आहे. बहीणही माझी होती."

"तू जायचा हट्ट धरला असतास. विमानं कुठे आहेत?"

"विमानं नाहीत हे मलाही कळतं. पण मी रोज दुपारी फोनपाशी बसत होते, ते तू बघत होतीस."

ती पिशव्यांसकट जमिनीवर बसली आणि रडली. तिचीही मावशी गेली होती आणि तिला महिनाभर रडता आलं नव्हतं. मी तिला चप्पल काढायला सांगितलं.

मी तासगावला परतले नाही. ग्लेनने खटपट करून मला इथे राहायची परवानगी मिळवून दिली. बाळूने ते घर भाड्याने दिलं, ठीकच केलं.

पुढच्या वर्षी ग्लेनचे वडील गेले. ऑस्ट्रेलियाहून त्याच्या बहिणीने वैशालीला फोन केला. ग्लेन वर कामात होता, ऑस्ट्रेलियाची दारं तेव्हाही बंद होती. वैशाली जिन्यापाशी घुटमळली. "मीटिंग होऊ दे त्याची. हळूहळू सांगू." मी तिला बाजूला केलं, गुडघे दाबत वर गेले आणि दारात उभी राहिले.

"ग्लेन, बाबा गेले."

त्याने कॉम्प्युटर बंद केला. चप्पल घाल म्हणण्यात अर्थ नव्हता, निघायला वाटच नव्हती. मी त्याच्या शेजारी बसून राहिले.

बाळू अजूनही फोनवर विचारतो, मावशी घरी कधी येणार. मी त्याला म्हणते: मी घरीच आहे. तिथलं काहीही झालं तरी मला लगेच कळव. फोन आता मीच उचलते, मध्ये कुणी येत नाही.