त्याचा वाटा

एक तीळ सात जणांत वाटून खावा, हे मी लेकीला ती बोलायला लागण्याआधीपासून ऐकवत आले. दिल्लीच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढणाऱ्या पोरीला म्हणी काय कळणार, म्हणून घरात सरळ नियमच केला होता. खाऊ आला की जो समोर नाही त्याचा वाटा आधी काढायचा, मग आपण खायचं. सुरुवातीला तोंड वाकडं करायची. पुढे या बाबतीत माझ्यापेक्षा कडक झाली.

वरच्या मजल्यावरचा मुलगा तिच्याच वयाचा. दोघं एकाच रिक्षाने शाळेत जायची. दिवाळीच्या तोंडावर त्याला डेंग्यू झाला आणि तो गेला. सहा वर्षांच्या पोरीला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? "नानीकडे गेलाय, गावाला," मी म्हटलं. बिल्डिंगमधल्या सगळ्या आयांनी आपापल्या मुलांना तेच सांगितलं. त्याच्या आईसमोर त्याचा विषय काढायचा नाही, हेही आम्ही न बोलता ठरवून टाकलं. ती जिन्यात भेटली की मी "ठीक हो ना?" म्हणून सटकायचे. तिला त्रास नको, एवढंच मनात असायचं.

संक्रांतीला धाकट्याचं बोरनहाण केलं. काळं झबलं, हलव्याचे दागिने. शेजारच्या पंजाबी काकू "हाय, बच्चे को काला?" म्हणत हळहळल्या, तेव्हा संक्रांतीला आमच्याकडे काळंच घालतात हे त्यांना पटवता पटवता माझी पुरेवाट झाली. बाळाच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, रेवड्या ओतल्या आणि पोरं तुटून पडली. वरच्या बाईंना मी बोलावलं नव्हतं. जखमेवर मीठ कशाला चोळायचं!

गडबड ओसरली तर लेक कुठे दिसेना. दार सताड उघडं. धाकट्याला कडेवर घेऊन मी जिना चढले. ती वरच्या दारात उभी होती, परकराचा ओचा गच्च भरलेला.

"आंटी, ये उसका हिस्सा है. नानी के यहाँ से आएगा तो दे देना."

लेकीला ओढून खाली न्यावं, तर तोवर ती बाई उंबऱ्यातच खाली बसली होती. तिने ओढणी पसरून सगळं घेतलं, एक बोरसुद्धा सांडू दिलं नाही.

"वो नानी के यहाँ नहीं है, बेटा," ती हळूच म्हणाली. "वो नहीं रहा. अब नहीं आएगा."

लेकीने ओढणीतल्या खाऊकडे पाहिलं. मग म्हणाली, "तो आप खा लो."

त्याच्या आईने एक रेवडी तोंडात घातली आणि तिला रडू फुटलं. रडता रडता माझ्याकडे बघून म्हणाली, "दीदी, इतने दिन किसी ने उसकी बात तक नहीं की. जैसे वो था ही नहीं."

बाळाला छातीशी धरून मीही रडत उभी राहिले.

घरी आल्यावर लेकीने विचारलं, "आई, तुला पता होतं?"

"हो."

"मग तू आंटीशी त्याची बात का नाही केलीस?"

मी बाळाच्या जावळातले चुरमुरे वेचत राहिले.